जमिनीवर रेघा ओढणारं कासव

एक यांत्रिक कासव आहे. त्याला मोजक्याच गोष्टी कळतात: इतकी पावलं पुढे जा, जागच्या जागी इतके अंश वळ, पेन टेकव, पेन उचल. पेन टेकवलेलं असलं की कासव जिथून जाईल तिथे रेघ उमटते. आता नऊ-दहा वर्षांच्या एखाद्या मुलीला सांगा, या कासवाकडून समभुज त्रिकोण काढून घे. समभुज त्रिकोणाचा प्रत्येक कोन ६० अंशांचा असतो हे तिला पाठ असतं. त्यामुळे ती बहुतेक वेळा अशी आज्ञा लिहिते: १०० पावलं पुढे, ६० अंश उजवीकडे, आणि हे सगळं तीनदा. कासव सांगितलं तेवढं अचूक करतं. पण त्रिकोण काही होत नाही. तीन बाजू उघड्याच राहतात, आणि नीट पाहिलं तर तो अर्धा षटकोन असतो.

पाठ केलेलं खोटं नव्हतं आणि कासवही चुकलेलं नाही. मग बिनसलं कुठे? इथे सांगायची रीत अशी की उठ, तू स्वतः कासव हो आणि फरशीवर त्रिकोण चालून दाखव. ती पहिली बाजू चालते, कोपऱ्यावर थांबते, आणि पुढच्या बाजूच्या दिशेला तोंड करताना तिच्या पायांना कळतं की आपण काटकोनापेक्षाही जास्त वळलो. पुस्तकातले ६० अंश त्रिकोणाच्या आतले होते. चालणाऱ्याला वळावं लागतं ते बाहेरच्या कोनातून, म्हणजे १२० अंश. तीन कोपरे, प्रत्येकी १२०, एकूण ३६०. चौरस चालला तर चार वेळा ९०, तरीही ३६०. पंचकोनात पाच वेळा ७२. कोणतीही साधी बंद आकृती चालून मूळ जागी मूळच्या दिशेला तोंड करून उभं राहिलं की अंगाला बरोबर एक पूर्ण गिरकी मिळालेली असते. एवढं एक कळलं की मुलं पुढे कोणाला विचारत नाहीत. एक पाऊल पुढे, एक अंश उजवीकडे, हे ३६० वेळा करायला सांगून ती वर्तुळ काढतात, तेही केंद्रबिंदू, त्रिज्या किंवा कंपास यांतलं काहीही न वापरता. पावलागणिक दिशा किती बदलते यावरून वक्ररेषा ओळखायची ही कल्पना गणितात कॉलेजच्या वर्गात भेटते. इथे ती प्राथमिक शाळेतल्या मुलाच्या हाती लागते.

या कासवाच्या भाषेचं नाव लोगो. लहान मुलांसाठी म्हणून मुद्दाम घडवलेल्या प्रोग्रॅमिंगच्या भाषांमधली ही अगदी सुरुवातीची आणि सर्वांत दूरवर पोचलेली भाषा. आज मुलांच्या कोडिंगविषयी जे काही बोललं जातं त्यातलं फार थोडं तिच्या आधीचं आहे, आणि बरंचसं तिच्याइतकं खोल नाही.

साल १९६७. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या केंब्रिज शहरात बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन नावाची संशोधन कंपनी होती. तिथे वॉली फ्युर्झिग यांचा गट शाळकरी मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवण्याचे प्रयोग करत होता. त्यांच्या हाताशी जी भाषा होती ती आकडेमोडीची होती, आणि आकडेमोड न आवडणाऱ्या मुलांसाठी तिच्यात काही नव्हतं. म्हणून शब्द, वाक्य आणि याद्या हाताळता येतील अशी भाषा करायचं ठरलं. फ्युर्झिग, डॅनिएल बॉब्रो, सिंथिया सॉलोमन आणि सेमूर पॅपर्ट या चौघांची नावं तिच्या जन्माशी जोडलेली आहेत. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संशोधनात वापरली जाणारी लिस्प ही भाषा तिचा पाया. म्हणजे त्या काळातल्या सर्वांत बुद्धिमान समजल्या जाणाऱ्या प्रयोगांमागचं साधन मुलांसमोर ठेवलं गेलं, आणि ते पातळ करून ठेवलं नाही, याचं मला आजही अप्रूप वाटतं. जवळच्याच लिंकन गावातल्या हॅन्सकॉम फील्ड शाळेत पाचवी-सहावीच्या मुलांनी ती पहिल्यांदा वापरली.

हे किती धाडसाचं होतं ते कळायला त्या वेळच्या यंत्रांकडे पाहावं. लोगोची सुरुवात ज्यावर झाली त्या पीडीपी-१ या कॉम्प्युटरची किंमत सुमारे १,२०,००० डॉलर होती आणि जगात अशी जेमतेम ५०च्या आसपास यंत्रं बनली. मुलांसमोर पडदा नव्हता. टेलिटाइप नावाचा खडखडणारा टंकलेखक टेलिफोनच्या तारेने दूरच्या यंत्राला जोडलेला असे, आणि उत्तर कागदाच्या गुंडाळीवर छापून येई. इतकी महाग यंत्रं दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या हाती द्यावीत हे बहुतेकांना वेडेपणाचं वाटलं असणार.

पॅपर्ट यांना ते तसं वाटलं नाही, याची मुळं त्यांच्या आयुष्यात सापडतात. त्यांचा जन्म १९२८चा, दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियाचा. बोलायला लागण्याच्या वयातच त्यांना मोटारीच्या भागांची नावं येत होती, आणि दातेरी चाकांचं तर त्यांना वेडच होतं. एक चाक फिरलं की दुसरं किती फिरेल हे ते मनातल्या मनात फिरवून बघत. पुढे शाळेत गुणाकाराचे तक्ते आले, दोन चलांची समीकरणं आली, तेव्हा त्यांनी ती चाकांमध्ये बसवून पाहिली आणि ती सोपी होऊन गेली. वर्णभेदाविरुद्धच्या चळवळीत भाग घेतलेला आणि गणितात दोन डॉक्टरेट मिळवणारा हा तरुण जिनिव्हाला गेला आणि १९५८ ते १९६३ अशी वर्षं मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांच्याबरोबर काम करत राहिला. मूल ज्ञान बाहेरून भरून घेत नाही, ते स्वतः रचतं, हा पियाजे यांचा सिद्धान्त. पॅपर्ट यांनी त्याला एक प्रश्न जोडला: रचायचं तर कशाने? माझ्याकडे चाकं होती, ज्यांच्याकडे चाकं नाहीत त्यांनी काय करायचं? चाकांचं प्रेम प्रत्येकाला जडत नाही हे त्यांना ठाऊक होतं. जे यंत्र प्रत्येक मुलाच्या आवडीचं रूप घेऊ शकेल असं काहीतरी त्यांना हवं होतं. कॉम्प्युटरमध्ये त्यांना ते दिसलं. त्यानंतर ते अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात आले आणि मार्विन मिन्स्की यांच्याबरोबर तिथल्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेचे प्रमुख झाले.

कासव मात्र लोगोबरोबर जन्मलं नाही. पहिली दोन वर्षं मुलांनी शब्दांशीच खेळ केले. मॅसॅच्युसेट्समधल्या लेक्सिंग्टनच्या सातवीच्या वर्गातला एक प्रसंग पॅपर्ट यांनी लिहून ठेवला आहे. तेरा वर्षांची एक मुलगी कॉम्प्युटरकडून कविता करून घेण्याच्या मागे लागली होती. शब्दांच्या याद्या द्यायच्या, यंत्राने त्यांतून कुठलेही शब्द उचलून ओळ जुळवायची. व्याकरणाचं आणि तिचं कधी जमलं नव्हतं. पण सगळे शब्द एकाच यादीत टाकले की यंत्र अर्थहीन रांगा ओकतं हे तिने पाहिलं. मग तिने वस्तूंची नावं एका यादीत, क्रिया दुसरीत, गुण तिसरीत असे शब्द वेगळे केले. एके दिवशी ती उड्या मारत आली: नाम, क्रियापद हे प्रकार कशासाठी असतात ते तिला समजलं होतं. शाळेने वर्षानुवर्षं तिला व्याख्या दिल्या होत्या. त्या व्याख्यांची गरज तिला पहिल्यांदाच पडली, कारण आता तिला कोणालातरी शिकवायचं होतं, आणि तो विद्यार्थी इतका अडाणी होता की न सांगितलेलं त्याला काहीच कळत नव्हतं.

या साऱ्या उद्योगाचा गाभा मला इथे दिसतो. मुलांसाठी केलेल्या बहुतेक यंत्रांमध्ये यंत्र विचारतं आणि मूल उत्तर देतं. लोगोत हे नातं उलटं झालं. मूल शिकवतं आणि यंत्र शिकतं. एकदा कासवाला चौरस काढायला शिकवला की ‘चौरस’ ही त्याच्या शब्दसंग्रहातली नवी आज्ञा होते, पुढे किंवा उजवीकडे या मूळ आज्ञांच्याच बरोबरीची. मग चौरस आणि त्रिकोण मिळून घर, घरांची रांग म्हणजे गल्ली. मोठं काम छोट्या कामांत फोडायचं, प्रत्येकाला नाव द्यायचं आणि ती नावं जुळवायची. व्यावसायिक प्रोग्रॅमर आयुष्यभर हेच करतात.

कासवाची कल्पना इंग्लंडमधून आली. ब्रिस्टल इथे मेंदूचा अभ्यास करणाऱ्या ग्रे वॉल्टर यांनी १९४८-४९च्या सुमारास एल्मर आणि एल्सी नावाची दोन यंत्रं बांधली होती. कासवाच्या आकाराची ही यंत्रं केवळ दोन व्हॅक्यूम ट्यूबच्या जोरावर प्रकाश शोधत फिरत आणि अडथळा लागला की वळसा घालत. पॅपर्ट यांच्या गटाने साधारण १९७० पासून अशीच, पण आज्ञा पाळणारी कासवं बनवली. घुमटाकार पाठ, खाली चाकं, बरोबर मध्यभागी पेन आणि मागे लांब वायर. पेन मध्यभागी असण्याला कारण होतं: कासव जागच्या जागी वळताना रेघ वाकडी होऊ नये. पुढे पडदे स्वस्त झाले आणि कासव पडद्यावरच्या एका छोट्या त्रिकोणात आक्रसलं. पण जमिनीवरचं कासव पाहिलेल्या मुलाला पडद्यावरचं कासवही अंगाने समजतं. त्याला तोंड आहे, दिशा आहे, त्याच्या उजव्या हाताला काय येईल हे स्वतः वळून बघता येतं. आलेखाच्या कागदावरच्या बिंदूला यांतलं काहीच नसतं.

आणि चूक. घर काढायला निघालेल्या मुलाचं छप्पर पहिल्या खेपेला हमखास चौरसाच्या आत पडतं, कारण चौरस संपताना कासवाचं तोंड कुठे आहे हे त्याने ध्यानात घेतलेलं नसतं. शाळेच्या वहीत अशा चित्रावर लाल फुली बसते आणि पान उलटतं. इथे ती चूक समोर पडून राहते. ती कासवाच्या वाटेत दिसते, त्यामुळे मुलाला लाज वाटण्याचं कारण नसतं. सूचना एकेक करून वाचायच्या, कासवाच्या मागे मनाने चालायचं, जिथे पाऊल वाकडं पडलं ती जागा गाठायची आणि तेवढंच दुरुस्त करायचं. मी अनेक शिक्षकांचं काम पाहिलं आहे. चुकीकडे मुलाने कुतूहलाने पाहावं यासाठी चांगले शिक्षक किती धडपडतात हे मला माहीत आहे, आणि म्हणून एक यंत्र ही सवय लावू शकतं ही गोष्ट मला मोलाची वाटते.

नऊ-दहा वर्षांच्या मुलांना टंकलेखन येतं. त्याहून लहानांचं काय? हा प्रश्न रेडिया पर्लमन या एमआयटीतल्या तरुण संशोधिकेने १९७०च्या दशकाच्या मध्यावर हाती घेतला, आणि तिचं उत्तर पाहून आजही थक्क व्हायला होतं. तिने आधी मोठ्या बटणांची एक पेटी केली: एक बटण दाबलं की कासव पुढे, दुसरं दाबलं की वळण. मग तिने खाचा असलेल्या रंगीत पट्ट्या केल्या. मुलांनी चित्रं असलेली प्लॅस्टिकची कार्डं त्या खाचांमध्ये ओळीने खोचायची आणि पट्टीचं बटण दाबायचं. जे कार्ड चालू असेल त्याच्याजवळ दिवा लागे, त्यामुळे अक्षरओळख नसलेल्या मुलालाही आपला प्रोग्रॅम कुठवर आला ते दिसे. आणि खरी कमाल पुढेच. लाल रंगाचं कार्ड निळ्या पट्टीत खोचलं तर यंत्र लाल पट्टीतला सगळा प्रोग्रॅम करून परत निळीवर येई. लाल कार्ड लाल पट्टीतच खोचलं तर पट्टी स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावत राही. साडेतीन वर्षांइतक्या लहान मुलांनीही हे यंत्र हाताळलं. पर्लमन यांनी हे काम पुढे सोडून दिलं. आजूबाजूला सगळे पुरुष, आणि गोड लहान मुलांचा प्रकल्प करणारी बाई वैज्ञानिक म्हणून गंभीरपणे घेतली जाणार नाही असं त्यांना वाटलं, असं त्यांनी स्वतः सांगितलं आहे. पुढे १९८५ मध्ये त्यांनीच स्पॅनिंग ट्री ही पद्धत शोधली, जिच्यामुळे कॉम्प्युटरच्या मोठ्या जाळ्यांत माहिती गोल गोल फिरत अडकत नाही. जाळ्यांचं भलं झालं. बालवाडीच्या वाट्याचं ते काम मात्र मधेच थांबलं, आणि त्याची मला मनापासून हळहळ वाटते.

त्यांची कल्पना मात्र दशकांनंतर परत आली. टफ्ट्स विद्यापीठात मरीना बर्स यांच्या गटाने किबो नावाचा छोटा रोबो केला. त्याला पडदा नाही. मुलं लाकडी ठोकळे एकाला एक जोडतात, रोबो त्यांवरच्या पट्ट्या वाचतो आणि तसं वागतो. २०१४ मध्ये पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी स्क्रॅचज्युनिअर नावाचं प्रोग्रॅमिंगचं साधन आलं. त्याच्या आज्ञांवर अक्षरं नाहीत, चित्रंच आहेत. त्याआधी २००७ मध्ये मिचेल रेझनिक यांच्या गटाने एमआयटी मीडिया लॅबमधून स्क्रॅच खुलं केलं होतं. त्यात आज्ञांचे रंगीत ठोकळे एकमेकांत बसवायचे असतात, आणि चुकीच्या जागी ठोकळा बसतच नाही, म्हणून स्वल्पविरामाच्या चुकीवरून रडायची वेळ येत नाही. लेगो कंपनीचा माइंडस्टॉर्म्स हा रोबोंचा संच १९९८ चा, त्याचं नाव पॅपर्ट यांच्या १९८० सालच्या पुस्तकावरून घेतलेलं आहे.

१९८०च्या दशकात घरगुती कॉम्प्युटर आले आणि लोगो देशोदेशीच्या शाळांमध्ये पोचली. कोस्टा रिका या छोट्या देशाने १९८८ पासून सरकारी प्राथमिक शाळांमधून ती शिकवली आणि त्यासाठी आधी शिक्षकांना तयार केलं. बहुतेक ठिकाणी तेवढी तयारी नव्हती. कॉम्प्युटरच्या तासाला मुलांना यंत्रासमोर बसवायचं, बाकीचं आपोआप होईल, असा समज पसरला.

तो समज १९८४ मध्ये तपासला गेला. न्यूयॉर्कच्या बँक स्ट्रीट कॉलेजमधले रॉय पी आणि मिडियन कर्लंड यांनी वर्षभर लोगो केलेल्या मुलांना वर्गातली कामं कमीत कमी वेळात उरकण्याची आखणी करायला दिली. लोगो न केलेल्या मुलांपेक्षा त्यांची आखणी काही सरस निघाली नाही. प्रोग्रॅमिंग केलं की डोकं सर्वच बाबतींत तल्लख होतं, या आशेला हा जबर धक्का होता. पॅपर्ट यांचं म्हणणं असं की तुम्ही यंत्राचा परिणाम मोजता, पण परिणाम यंत्राचा नसतो, त्याभोवती उभ्या राहिलेल्या वातावरणाचा असतो. मला दोघांचंही पटतं, आणि १९८८ मध्ये पिट्सबर्गच्या डेव्हिड क्लार आणि शॅरन कार्व्हर यांनी जे दाखवलं त्यामुळे दोघांची सांगडही बसते. त्यांनी मुलांना चूक शोधण्याच्या पायऱ्या स्पष्टपणे शिकवल्या: जे झालं आणि जे हवं होतं त्यांत फरक काय, तो कोणत्या प्रकारचा, तो कुठल्या भागातून आला असेल, तिथे जाऊन बघ. अशा मुलांना नंतर कॉम्प्युटरशी संबंध नसलेल्या लेखी सूचनांमधल्या चुकाही पूर्वीपेक्षा चांगल्या सापडू लागल्या. म्हणजे विचारांची सवय एका जागेहून दुसऱ्या जागी जाते, पण तिला हात धरून न्यावं लागतं.

महाराष्ट्रातल्या एका छोट्या शाळेतही कासवाने पाऊल ठेवलं. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’, म्हणजे दर मुलामागे एक लॅपटॉप, या प्रकल्पात पॅपर्ट यांचे विचार पायाशी होते, आणि त्याचा भारतातला पहिला प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैरात गावच्या एकशिक्षकी शाळेत झाला. त्या प्रकल्पाच्या लॅपटॉपमध्ये ठोकळे जोडून कासव चालवण्याची सोय होती. त्याच सुमारास आयआयटी मुंबईत श्रीधर अय्यर यांच्या पुढाकाराने ‘कॉम्प्युटर मस्ती’ ही शाळांसाठीची पुस्तकमाला तयार झाली. तिच्यात कॉम्प्युटरचे भाग आणि मेनू पाठ करून घेण्याऐवजी पायरीपायरीने विचार करण्यावर भर आहे आणि स्क्रॅचही आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावीपासून कोडिंगची ओळख करून द्यायचं म्हटलं आहे. त्याच वर्षी टाळेबंदीत घरोघरच्या मोबाइलवर कोडिंगच्या शिकवण्यांच्या जाहिराती आदळत होत्या. सहा वर्षांच्या मुलाने ॲप करावं, लहानपणीच कोट्यधीश व्हावं, असा त्यांचा सूर होता. कर्ज काढून पोरांना असल्या वर्गांना घालणाऱ्या आईवडिलांविषयी मला राग नाही, काळजी वाटते. कारण ज्यासाठी ही सगळी खटपट सुरू झाली होती, ते फार थोड्या पैशांत होण्यासारखं आहे.

यंत्र नसलं तरी अडत नाही. शाळेचं अंगण आणि एक खडू पुरे. एक मूल कासव, एक मूल आज्ञा देणारं, बाकीचे तपासनीस. कासवाने सांगितलं तेवढंच करायचं, मनाने काही भरायचं नाही, हा एकच कडक नियम. चार-पाच वर्षांच्या मुलांना पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे एवढं खूप झालं. त्यांना अंश नकोत, ‘पाव गिरकी’ म्हटलं की पुरतं. सात-आठ वर्षांची मुलं ‘हे चार वेळा कर’ असं म्हणू लागतात आणि आज्ञा एकदम आखूड होते. तो शोध त्यांना स्वतःला लागू द्यावा. कॉम्प्युटर असेल तर लोगो फुकट मिळते, स्क्रॅचही फुकट आहे, आणि एका यंत्रापुढे दोन मुलं बसवलेली एकापेक्षा बरी, कारण मग त्यांना एकमेकांशी बोलावं लागतं. छप्पर आत पडलं की मोठ्या माणसाने माउस हातात घेऊ नये. कासवाचं तोंड आत्ता कुठे आहे, एवढंच विचारावं.

त्रिकोण, चौरस, पंचकोन झाल्यावर मुलांना पाच टोकांची चांदणी काढायला सांगा, हात न उचलता एका दमात काढतात तशी. प्रत्येक टोकाशी किती अंश वळायचं ते मात्र सांगू नका. ७२ घातले की पंचकोनच येतो. अडलीच मुलं, तर चांदणी खडूने काढून एकाला तिच्यावरून चालवा आणि बाकीच्यांना त्याच्या गिरक्या मोजू द्या. चांदणी पुरी होईपर्यंत तो स्वतःभोवती एकदा फिरत नाही, दोनदा फिरतो.